एप्रिलचा बर्फ: ठाण्याहून बकरथाचला

शनिवार, ठाणे

दादा, वहिनी, काका आणि मी, असे चौघं मनालीच्या वर बकरथाचच्या बर्फात स्कीवर फिरायला निघालो होतो, त्याची ही तयारी. घोडबंदर रोडवर दादाच्या सोसायटीला लागून एका इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या मुकादमाला विचारून आम्ही रेतीचा एक ढीग संध्याकाळपुरता मागून घेतला. वहिनीने एक बीकन चालू करून डब्यात ठेवला, डबा गोणपाटात गुंडाळला आणि आम्ही पाठ करून उभे असताना तो ढिगात मीटरभर खोल पुरला. मग मोबाइलवर वेळ लावून म्हणाली, "हं, चला."

बीकन म्हणजे छातीवर पट्ट्यांनी बांधायचं छोटं यंत्र. डोंगरात असताना ते सतत संदेश सोडत राहतं. कुणी बर्फाखाली गेलंच, तर बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधण्याच्या खटक्यावर न्यायची. जगभरातले सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या बीकनला शोधू शकतो. पडद्यावर बाण आणि आकडा दिसतो. आकडा उतरत जाईल त्या दिशेने चालायचं, आणि अगदी जवळ आल्यावर यंत्र जमिनीलगत धरून हळूहळू उभं-आडवं सरकवायचं. सगळ्यात लहान आकडा जिथे मिळेल तिथून प्रोबची लांब सळई टोचायला सुरुवात. सळई मऊ कशाला तरी लागली की ती तशीच ठेवायची आणि उताराच्या खालच्या अंगाने आडवं खणत आत शिरायचं. थेट वरून खणलं तर आपलं वजन गाडलेल्या माणसावर येतं आणि उपसलेला माल टाकायला जागाही उरत नाही.

मोबाइल खिशात असेल तर बीकन गोंधळतो. नुसतं चालताना तो बीकनपासून २० सेंटिमीटर लांब हवा, शोधताना ५० सेंटिमीटर. मनगटावरच्या घड्याळांनाही हाच नियम. ढिगाभोवती फिरताना दादाच्या बीकनचा बाण नुसता भिरभिरत राहिला होता. त्याने छातीवरच्या खिशातला फोन काढून वहिनीकडे दिला आणि बाण लगेच स्थिर झाला.

ओली रेती उपसताना दंड भरून आले. सरावासाठी तेच हवं होतं, कारण थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ दगडासारखा आवळतो, त्यात हातांनी खणताच येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या नोंदी सांगतात की गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर दहातले नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाने तिघांतला एक. जीव मुख्यतः गुदमरून जातो. मनालीहून मदत वर पोचायला काही तास लागणार, म्हणजे आम्ही चौघं आणि गाइड, एवढीच काय ती मदत. म्हणून मी सगळ्यांना कळवळून सांगते, विशेषतः आता आपल्याकडून इतकी मंडळी हिवाळ्यात नि वसंतात हिमालयात जाऊ लागली आहेत तेव्हा: बीकन, प्रोब आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत, आणि ती वापरण्याची सवय इथेच, घरी, व्हायला हवी.

कोपरखैरण्याच्या काकांची उभी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात, सेफ्टी विभागात गेली. परमिटवर सही झाल्याशिवाय कुणालाही टाकीत उतरू द्यायचं नाही, हा त्यांचा पिंड. रात्री जेवणानंतर त्यांनी एका कागदावर आमचंही परमिट लिहिलं. रात्री बर्फ गोठला का? उताराचा कोन किती? त्याचं तोंड कुठे? वर काय लटकतंय? सरकलाच तर आपण कुठे जाऊन पडू? आणि किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरायचं? खाली एक ओळ: कुणीही एकाने "नको" म्हटलं की चर्चा बंद, परत. आम्ही चौघांनी सह्या केल्या.

उतार पाण्याने सुटतो हे आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. ३० जुलै २०१४ ची माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. वसंतातल्या बर्फाचंही दुखणं पाणीच आहे. इथे मात्र ते आभाळातून कोसळावं लागत नाही. चांगलं ऊन पडलं की उताराच्या आतच तयार होतं.

रविवार

पहाटेच्या विमानाने दिल्ली, संध्याकाळी मनालीची वोल्वो. स्कीच्या लांबलचक पिशव्या चढवता-उतरवताना वहिनीने सगळ्यांकडून चोख काम करून घेतलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सोमवार, सोलंग

ठाण्याच्या खाडीकाठची माणसं एका रात्रीत मनालीच्या वरच्या सोलंगला, २,५०० मीटरवर, आली की पहिला दिवस शरीराला द्यावाच लागतो. तोच आम्ही उतार बघण्यात घालवला.

आमचा गाइड सोलंगजवळच्या बुरुआ गावचा. आम्ही त्याला भाईजी म्हणतो, तो काकांना अंकलजी आणि मला दीदी. त्याने आधी गेल्या आठवड्याचा हिशेब दिला. दोन दिवसांपूर्वी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वादळी हवामान, येऊन गेलं होतं. सोलंगला पाऊस झाला, पण वर, बकरथाचच्या बाजूला, गुडघ्याच्या खालपर्यंत नवा बर्फ पडला. त्याआधी बरेच दिवस स्वच्छ ऊन, आणि त्याच्याही आधी धूळ. उन्हाळा लागता लागता थरच्या वाळवंटाकडून येणारी धूळ पीर पंजालच्या बर्फावर तपकिरी पापुद्रा धरते. ती उघडी असली की पांढऱ्या बर्फापेक्षा जास्त ऊन पिते आणि बर्फ झपाट्याने वितळवते. आत्ता ती नव्या बर्फाखाली झाकली गेली होती. वरचा बर्फ पातळ झाला की ती पुन्हा काम सुरू करणार, असं भाईजीचं म्हणणं.

चंदिगडच्या डीजीआरई या सरकारी संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रकही पाहिलं. १९६९ साली मनालीत सासे नावाची संस्था सुरू झाली. सैन्याच्या आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी बर्फाचा अभ्यास करणं हे तिचं काम. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या आणखी एका प्रयोगशाळेत मिळवून डीजीआरई झाली. सोलंगच्या पुढे, दरीत वरच्या अंगाला असलेल्या धुंदीला तिची जुनी हिमवेधशाळा आहे. पत्रकात जिल्हावार, रंगांत धोक्याची पातळी दिलेली असते. ते वाचायलाच हवं. पण जिल्हा मोठा, आणि आपण ज्या घळीखालून जाणार ती त्या पत्रकात नसते. तिथून पुढचं काम डोळ्यांचं.

दुपारी धुंदीच्या रस्त्याने चालत गेलो. वाटेत दुर्बिणीतून एकेक उतार पाहिला आणि काकांनी वहीत उतरवून घेतला. पूर्वेला आणि दक्षिणेला तोंड असलेल्या उतारांवर, खडकांच्या खालून, अरुंद सुरुवात होऊन खाली पसरत गेलेले पंख्याच्या आकाराचे ओघळ होते. हे ओल्या, सुट्या बर्फाचे. ऊन खडक तापवतं, खडक शेजारचा बर्फ सैल करतो आणि एका बिंदूपासून सुरुवात होते. काही ठिकाणी बर्फाचे गोळे उतारावरून घरंगळत येऊन आपल्यामागे रेघा सोडून गेले होते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर मात्र यातलं काहीच नव्हतं. तिथे वर एका ठिकाणी सरळ आडवी कापल्यासारखी रेघ आणि तिच्याखाली मोकळा उतार. म्हणजे तिथे स्लॅब सुटली होती: वरचा घट्ट थर एकसंध तुटून, खालच्या कमकुवत थरावरून सरकत गेला होता. एकाच दरीत, एकाच आठवड्यात, समोरासमोरच्या उतारांना दोन वेगळी दुखणी.

मंगळवार, धुंदी ते बकरथाच

पहाटे साडेचारला धुंदीहून निघालो. रात्रभर आभाळ निरभ्र होतं, आणि वसंतात हीच सगळ्यात मोठी बातमी. उघड्या आभाळाखाली बर्फाचा पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकत राहतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग शून्याखाली उतरू शकतो आणि दिवसभरात भिजलेले कण एकमेकांना धरून गोठतात. ढग असले तर तीच उष्णता ते खाली परत पाठवतात आणि बर्फ गोठायचा राहून जातो. म्हणून पहाटे उठल्यावर सगळ्यात आधी वर पाहायचं. चांदण्या लख्ख दिसत होत्या. पोल, म्हणजे स्की करतानाची हातातली काठी, टोचला तर टणक आवाज आला.

स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढासाठीच्या केसाळ पट्ट्या, चिकटवलेल्या. तिचे केस एका बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे पुढे सरकता येतं आणि मागे घसरायला होत नाही. कडक कवच आलेल्या चढावर मात्र त्या पुरल्या नाहीत, खाली लोखंडी दात लावावे लागले. वहिनीचा पाय दोनदा सुटला, तेव्हा भाईजीने सगळ्यांना थांबवून दात लावायला सांगितले. गोठलेला उतार सरकत नाही, पण त्यावरून आपण सरकलो तर थांबायलाही काही नसतं. पहाटेच्या सुरक्षिततेला ही दुसरी बाजू आहे आणि ती लोक विसरतात.

वाटेत डाव्या हाताच्या कड्यावरून एक घळ थेट आमच्या रस्त्यावर उतरते. तिच्या तोंडाशी जुन्या स्खलनांचा ढीग, त्यात मोडलेल्या भोजपत्राच्या फांद्या. भाईजीने एकेकाला सोडलं. एक जण पलीकडे पोचेपर्यंत बाकीचे अलीकडे थांबून त्याच्यावर नजर ठेवून. दहा जण एकदम गेले तर दहा गाडले जातात आणि खणायला कुणी उरत नाही.

बकरथाच ३,३०० मीटरच्या आसपास, उन्हाळ्यात मेंढपाळ उतरतात ते कुरण. तंबू दरीच्या मधल्या उंचवट्यावर लावले. सगळ्या घळींचे जुने ढीग जिथे संपतात, त्याच्याही पलीकडे. नाश्ता करून दोन खड्डे खणायला घेतले.

पहिला उन्हाच्या उतारावर. वरून खालपर्यंत दर दहा सेंटिमीटरला थर्मामीटर टोचला. वरची गोठलेली बोटभर सोडली तर सगळीकडे शून्य. म्हणजे इथला बर्फ वितळण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे, त्यात आता एक थेंबही गोठवण्याची ताकद नाही. रात्रीचं वरचं कवच हेच काय ते त्याचं बळ. कवच तुटलं की उरतं ते पाण्यात सुटलेले गोल कण. तरीही हा खड्डा मला आवडला, कारण त्याच्यात सगळं उघड होतं. हाताने दाबून प्रत्येक थराची घट्टता बघतात: मूठ शिरते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी. इथे कवचाखाली सगळीकडे चार बोटं. धुळीचा तपकिरी पट्टा स्पष्ट दिसत होता.

दुसरा खड्डा उत्तरेकडच्या उताराच्या पायथ्याशी, सौम्य जागी. तिथे वेगळंच जग. वरती उणे एक, मध्यावर उणे तीन. विक्षोभाचा नवा बर्फ, त्याखाली हिवाळ्यातला दाबलेला घट्ट थर, आणि त्याच्याही खाली, वरून साधारण अर्ध्या मीटरवर, टोकदार कणांचा, चार बोटं शिरतील असा थर जो सुरीच्या टोकाने ओघळून खाली पडायचा. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापून त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारल्या: आधी दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. चौदाव्या थापेला, म्हणजे कोपराच्या चौथ्या थापेला, वरचा भाग त्या थरावरून ड्रॉवर ओढल्यासारखा सरकून माझ्या मांडीवर आला. मग ९० सेंटिमीटर रुंदीचा खांब कापून एका टोकाला थापा मारल्या. फट पूर्ण रुंदीभर पळाली. एवढ्याशा तुकड्यात ती पळते, तर उतारावर किती पळेल, हा त्या चाचणीमागचा प्रश्न.

काकांनी वहीत लिहिलं: उत्तर उतार, ३० अंशांच्या वर, बंद. बहुतेक स्लॅबस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. घरून मोबाइलच्या नकाशावर हे उतार रंगवून पाहिले होते, पण ते नकाशे ढोबळ उंचीच्या जाळीवरून बनतात, मधला वीस मीटरचा तीव्र टप्पा त्यात सपाट होऊन जातो. म्हणून जागेवर पुन्हा कोन मोजायचा.

बुधवार

आजचा दिवस आम्हाला हवा तसा गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्र निरभ्र, पहाटे तंबूबाहेर उणे सहा. फ्रेंडशिप शिखराच्या बाजूने खाली येणाऱ्या एका सोंडेला आग्नेयेकडे तोंड आहे. तिचा मधला भाग मोजला तर ३२ अंश, वर कॉर्निस, म्हणजे धारेबाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा, नाही, खाली मोकळं मैदान, कडा नाही, घळ नाही. काकांच्या कागदावरच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर मिळालं. परतीची वेळ दहा ठरली.

पावणेपाचला निघून आठच्या सुमारास माथ्यावर. समोर हनुमान टिब्बा, त्याच्या शेजारी सेव्हन सिस्टर्सची रांग, सगळं उन्हात. खाली मात्र उतार अजून काचेसारखा कडक. अशा वेळी उतरायचं नाही, थांबायचं. स्की करणाऱ्यांना वसंतात हवा असतो तो कॉर्न: वारंवार वितळून-गोठून ज्वारीच्या दाण्याएवढे झालेले कण, ज्यांचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर उन्हाने नुकता सैल झालाय आणि खालचं कवच अजून भरभक्कम आहे. तो क्षण लवकरही येऊ देता येत नाही आणि लांबवताही येत नाही. पूर्वेकडच्या उतारांवर आधी येतो, मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे. दादा दर पंधरा मिनिटांनी पोल टोचत होता. सव्वानऊला टोक एवढंसं आत गेलं आणि मग अडलं.

"अब," भाईजी म्हणाला.

एकेक करून उतरलो. स्कीखालून तो मखमली खरखरीचा आवाज, वळण घेताना कडा धरते आणि सुटते, कुठेही ओढ नाही. खाली पोचून वर पाहिलं तर पाच जणांच्या रेघा शेजारी शेजारी. वहिनी हसत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

जेवायला बसलो तेव्हा भाईजीने आम्हाला मुद्दाम त्याच सोंडेच्या पायथ्याशी नेलं. साडेदहाला बूट घोट्यापर्यंत रुतत होता. साडेअकराला पोटरीपर्यंत. त्याने तिथेच रेघ मारली: घोट्याच्या वर बूट गेला की तीव्र उतारावर काही काम नाही. बाराच्या सुमारास समोरच्या कड्याखाली, खडकांपासून, एक ओघळ सुटला. आवाज फार नव्हता, आणि वेगही कोरड्या स्खलनासारखा नव्हता, पण तो जड होता आणि वाटेतलं सगळं बरोबर घेत रुंद होत गेला. अडीच तासांपूर्वी आम्ही ज्या प्रकारच्या उतारावरून आनंदाने खाली आलो, तसलाच तो उतार. फक्त सूर्य पुढे सरकला होता.

गुरुवार

रात्री तीनला जाग आली ती शांततेने. तंबूचं कापड ताठ नव्हतं, ओलसर होतं. बाहेर डोकावले तर एकही चांदणी नाही. थर्मामीटर शून्याच्या दोन वर. भाईजी आधीच बाहेर उभा होता. त्याने पोल उतारात टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

चार वाजता सगळे स्वयंपाकाच्या तंबूत बसलो. आज ब्यास कुंडापर्यंत जायचं ठरलेलं. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "उन्हाची बाजू सैल आहे, मान्य. पण उत्तरेकडचा बर्फ गार आहे. आपणच उणे तीन मोजलं ना परवा? त्या बाजूने कडेकडेने जाऊ."

"आणि चौदाव्या थापेला सरकलं ते काय होतं?" काकांनी विचारलं.

"ते ठीक आहे काका, पण तिथे काही आपोआप सुटलेलं नाही दोन दिवसांत."

भाईजीने चहा ओतत सावकाश समजावलं. तो कमकुवत थर आजवर थंड होता म्हणून जागेवर आहे. आज पहिल्यांदा त्याच्यापर्यंत ऊब जाईल, आणि पाऊस आला तर पाणी जाईल. पाणी कोरड्या बर्फातून खाली झिरपत येतं आणि घट्ट थर किंवा कवच लागलं की तिथे आडवं पसरतं. मग वरची सगळी स्लॅब त्या ओल्या पट्ट्यावर उभी राहते. "पहली बार भीगता है, तब सबसे ज़्यादा खतरा," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, "नको." कागदावर लिहिल्याप्रमाणे चर्चा तिथे संपली. दादाने आपल्या स्किन परत पिशवीत घातल्या आणि दुसरा कप मागितला. त्या दोन कृतींबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. ठाण्याहून इतक्या लांब आलेलो, रजा मोजून घेतलेली, आणि पुढचं कुंड जेमतेम दोन-अडीच तासांवर.

सहा वाजता बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. खरा पेच त्यानंतरचा होता. वर जायचं नाही हे ठरलं, पण खाली जायचं का? अन्न दोन दिवसांचं शिल्लक होतं. खाली हॉटेल, गरम पाणी, कोरडे कपडे. हवा बिघडली की खाली पळावंसं वाटतं, आणि बहुतेक ट्रेकमध्ये ते बरोबरही असतं. इथे खालचा रस्ता त्या घळीच्या तोंडाखालून जात होता, आणि तिच्या वरचा सगळा उतार आत्ता पाऊस पीत होता. आमची जागा मात्र सुरक्षित होती, हे सोमवारी आणि मंगळवारी तासन् तास पाहून ठरवलेलं. मग आम्ही बसून राहिलो. तंबूत, ओल्या मोज्यांत, दिवसभर.

दुपारी ढगांतून दोनदा आवाज आला. एक लांबचा, एक जवळचा. काही दिसलं नाही. भाईजी फक्त मान हलवायचा. काकांनी वहीत वेळ लिहून ठेवली.

भाईजीने सॅटेलाइट फोनवरून खाली त्याच्या भावाला निरोप दिला की आम्ही आज उतरत नाही, उद्या गोठल्यावर उतरू. हा निरोप द्यायलाच हवा, नाहीतर आपल्याला शोधायला निघालेली माणसं त्याच घळीखालून वर येतात.

शुक्रवार

रात्री एकच्या सुमारास ढग फाटले. तेव्हापासून चारपर्यंत थंडी पडायला तीन तास मिळाले. भाईजीने उंचवट्याभोवती चार ठिकाणी पोल टोचून पाहिला. कवच होतं, पण बोटभर जाड, खाली अजून लगदा. पूर्ण रात्र निरभ्र असती तर आठ-नऊपर्यंत वेळ मिळाली असती. आज सूर्य उतारावर येण्याआधी घळीच्या पलीकडे असायला हवं होतं.

सव्वाचारला निघालो. डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, सौम्य उतारावरून, वळणं न घेता लांब तिरक्या रेघेत. स्कीवर वजन पसरतं म्हणून कवच धरत होतं. मध्ये एकदा काकांनी बुटाला स्कीशी जोडणारं बंधन सोडून पाय खाली टेकवला तर मांडीपर्यंत गेला.

घळीपाशी आलो आणि भाईजी थांबला. मंगळवारी आम्ही जिथून एकेक करून चाललो होतो ती जागाच उरली नव्हती. तिथे आता माणसाच्या उंचीचे, मळकट, गोठून टणक झालेले गोळे होते, घळीच्या तोंडापासून थेट नाल्यापर्यंत. धुळीचा तपकिरी रंग सगळ्या ढिगात मिसळलेला. आदल्या दुपारचा जवळचा आवाज बहुधा याचाच. घळ मोकळी झाली म्हणून ती निर्धोक झाली असं नाही, वर अजून कड उरली होती. स्की पाठीला लावून, बीकन पुन्हा तपासून, एकेक जण तो ढीग ओलांडून गेला. सगळ्यात शेवटी भाईजी. दिवसाचा पहिला उजेड कड्याच्या माथ्यावर लागला तेव्हा आम्ही पाचही जण धुंदीच्या बाजूला होतो.

मनालीत पोचल्यावर सगळे झोपले. संध्याकाळी दादाने सगळ्यांसाठी ट्राउट सांगितला.

शनिवार, सिस्सू (लाहौल)

रात्रीची बस पकडायची होती, सकाळ मोकळी. भाईजी म्हणाला, पलीकडचा बर्फ बघून या, नाहीतर तुमचा अभ्यास अर्धा राहील. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. दक्षिणेचं तोंड धुंदीजवळ, उत्तरेचं लाहौलमध्ये टेलिंग गावाजवळ. गाडीने पंधरा मिनिटांच्या आत आपण पीर पंजालच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, आणि बर्फाचं अख्खं हवामान बदलतं. मनालीकडचा बर्फ भरपूर, उबदार, जड. पडतो आणि लवकर बसतो. लाहौलचा कमी, कोरडा, थंड. पातळ बर्फावर कडाक्याची थंडी पडली की जमिनीकडची ऊब आणि वरचा गारठा यांच्यामधून वाफ वर चढत राहते आणि तळाचे कण वाढून टोकदार, एकमेकांना न धरणारे होतात.

मार्च १९७९ मध्ये याच लाहौलच्या गावांवर हिमस्खलनं कोसळून दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथली म्हातारी माणसं अजून त्या दिवसांबद्दल बोलतात, असं भाईजीने सांगितलं. त्याचं आजोळ पलीकडचं.

टेलिंगच्या वर उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांच्या बऱ्याच अलीकडे, डोक्यावर काहीही नसलेल्या सपाटीवर आम्ही चालत गेलो. पायाखालून अचानक दबका आवाज आला आणि वरचा थर आमच्यासकट किंचित खचला. वहिनी जागच्या जागी थिजली. सपाटी होती म्हणून फक्त आवाज. त्याच थराला उतार मिळाला असता तर तो निघाला असता. खड्डा खणला तर तळाचे दोन वीत निव्वळ सुटे कण. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होईना, बोटांतून गळून गेले. खांबाची चाचणी करायची गरजच उरली नाही. खांब कापतानाच वरचा भाग बसला.

दादाने विचारलं की हे उतार कधी चालण्याजोगे होतात. भाईजीचं उत्तर असं: दोन-तीन आठवड्यांत पाणी पहिल्यांदा तळापर्यंत पोचेल, तेव्हा यातले बरेच उतार जमिनीपासून सुटतील, हिवाळाभराचा बर्फ एकदम घेऊन. तेवढे दिवस या बाजूला पायथ्याशीही रेंगाळायचं नाही. जे सुटत नाहीत ते त्यानंतर रोज वितळत-गोठत घट्ट होतात, आणि मे महिन्यात, उंचावर, पहाटे, रात्र निरभ्र असेल तर, त्यांच्यावर जाता येतं. काकांनी वहीत तारखेसह लिहून घेतलं, खड्डा आम्ही बुजवला, आणि दादाने तिथेच ऑफिसच्या रजेचा हिशेब मे महिन्यासाठी मांडायला घेतला.